पूजेला बसलेली टोपली

भाईंदरला रेल्वेचं संग्रहालय होतं असं मी सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग हसतो. हसू दे. स्टेशनच्या पश्चिमेला, मिठाचे डबे लागत त्या सायडिंगच्या टोकाशी ते होतं आणि त्याच्या दारात उभी राहून मी भांडलेली आहे, तेव्हा ते होतं की नव्हतं हे मला कोणी शिकवू नये. दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि उंबरठा एवढा उंच की साडी चिमटीत धरल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. पूर्वी तिथे सिग्नलच्या दिव्यांत घासलेट भरायचे, म्हणून सगळे तिला बत्तीखोली म्हणत. संग्रहालय हे नाव मागाहून आलं, आणि त्याच्या पाठोपाठ भांडण आलं.

मी लग्न होऊन रत्नागिरीकडून इथे आले ती साठच्या दशकात. आमचे हे रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर जायची ते ह्यांच्या हातातला दांडा ठरवायचा. घरात तो दांडा माझ्याकडे होता असं क्वार्टरमधल्या बायका म्हणत, आणि मी ते कधी नाकारलं नाही.

बत्तीखोली भरत कशी गेली ते आधी सांगते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा सगळीकडेच होते. हत्यार धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सुतार रंधा ठेवतो, शिंपी मशीन झाकून ठेवतो. रेल्वेनं काय करायचं? गाड्या त्या दिवशीही धावतात. चालता दिवा आणि चालतं फावडं पूजेला बसवलं तर गाडी उभी राहील. म्हणून आमच्या लोकांनी तोड काढली होती. जे हत्यार कामातून गेलं ते टाकायचं नाही, बत्तीखोलीत ठेवायचं, आणि खंडेनवमीला चालत्या हत्यारांच्या वतीनं ते पूजेला बसवायचं. मोडका हातोडा सगळ्या हातोड्यांचा मान घ्यायचा, तडकलेल्या काचेचा दिवा सगळ्या दिव्यांचा. असं करता करता खोलीत दिवे, झेंड्या, नट आवळायचे पाने, कुलपं, जुन्या सिग्नलचा एक लाकडी हात आणि फलाटावरची पितळी घंटा जमा झाली.

आणि डोक्यावर छप्पर असलेली तेवढी एकच मोकळी जागा आमच्या वाट्याला असल्यामुळे बाकी सगळंही तिथेच व्हायचं. नवरात्रात भोंडला, संक्रांतीला हळदीकुंकू, पोरांना देवी टोचायला माणूस आला तर तोही तिथेच बसायचा. खोलीत वीज नव्हती. हळदीकुंकवाला आम्ही सिग्नलचेच दोन दिवे पेटवायचो, एक लाल काचेचा, एक हिरव्या. हिरव्याखाली बसलेल्या बाईची नवी कोरी साडी कुठल्या रंगाची आहे हे घरी जाईपर्यंत कळत नसे, आणि त्यावरून एकमेकींना चिडवण्यात अर्धा वेळ जाई. कार्यक्रम सुरू होतोय हे कळवायला फलाटावरची घंटा बडवायची. पहिल्या वर्षी ती ऐकून मला वाटलं गाडी आली.

मग मास्तर आले. निवृत्त स्टेशनमास्तर, कुठकुठल्या गावांत नोकरी करून शेवटी इथे लहानसं घर बांधून राहिलेले. त्यांनी बत्तीखोलीत डोकावलं आणि त्या माणसाचे डोळे पाणावले, हे मी स्वतः पाहिलंय. आम्ही ढीग करून ठेवलेल्या वस्तू त्यांनी फळ्यांवर ओळीनं मांडल्या, प्रत्येकीखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी लावली, काय आहे, कशाला वापरत. रोज संध्याकाळी येऊन ते फडक्यानं धूळ झटकायचे. मला त्याचं कौतुकच वाटायचं. पण मास्तरांचा एक नियम होता. रेल्वेच्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगात रेल्वेची अक्षरं आणि नंबर असायचा. ज्याच्यावर ती अक्षरं ते रेल्वेचं, ज्याच्यावर नाहीत ते नाही. ह्या नियमापायी त्यांनी कोणीतरी भक्तीनं आणून ठेवलेला एक चांगला कंदील परत पाठवला होता.

आता मावशी. माझी सख्खी मावशी नव्हे, सगळ्या सायडिंगची मावशी. जुन्या भाईंदरातली, खाडीकाठच्या घरातली. पावसाळ्यात मिठागरांवरच्या मिठाच्या राशी गवतानं शाकारून ठेवत आणि दसऱ्याच्या सुमारास त्या उघडत. मग सायडिंगला मालगाडीचे डबे लागत आणि बायका डोक्यावर टोपल्या घेऊन ते भरत. राशीपासून डब्यापर्यंत फळी टाकलेली असे. भरली टोपली घेऊन त्या लवणाऱ्या फळीवरून चढायचं, डब्यात ओतायचं, दुसऱ्या फळीवरून उतरायचं. पुढे मावशी, मागे बाकीच्या. ती थांबली की सगळ्या थांबत. माझी तिची ओळख झाली ती पायांवरून. मिठानं तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, बोट जाईल एवढ्या, आणि माझ्याकडे माहेरचं कोकमाचं तेल होतं. मी स्वतः बसून लावून दिलं. तिनं त्यानंतर आमच्या घरी कधी बाजारची मासळी येऊ दिली नाही.

एका वर्षी पावसाळा सरता सरता मिठाच्या ठेकेदारानं सांगितलं की ह्या राशी उपसल्या की सायडिंग बंद. पुढचं मीठ ट्रकनं जाईल. त्याच सुमारास मास्तरांनी ठरवलं की ह्या खंडेनवमीला बत्तीखोलीवर रीतसर ‘रेल्वे संग्रहालय’ असा बोर्ड लावायचा, आणि त्यासाठी त्यांच्या ओळखीचे एक मोठे साहेब मुंबईहून येणार.

मावशी माझ्या दारात आली ती त्या दिवसांत. बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, “यंदा आमच्या टोपल्या आत पूजेला ठेवाच्या. आमी पन इथं व्हतो, ते दिसाया नको?”

दर वर्षी ह्या बायका आपल्या टोपल्यांची पूजा बाहेर, राशीपाशी करत. आत या असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. मलाच तोवर ते खटकलं नव्हतं. ती बोलल्यावर खटकलं, आणि असं खटकलं की मी तिला घेऊन तडक मास्तरांकडे गेले.

मास्तरांनी आम्हाला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि नाही म्हणाले. टोपलीवर रेल्वेची अक्षरं कुठे आहेत? शिवाय संग्रहालयात ठेवायची ती कामातून गेलेली वस्तू. मावशीची टोपली रेल्वेचीही नाही आणि कामातून गेलेलीही नाही. मी म्हटलं, इतकी वर्षं सायडिंगवर येणारा प्रत्येक डबा ह्या बायकांनी भरलाय, तो काय रेल्वेचा नव्हता? त्यावर मास्तर अगदी शांतपणे म्हणाले, “वहिनी, रेल्वेचा संबंध वाहून नेण्याशी असतो. भरण्याशी नाही.”

मावशी उठून चालायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, साहेब येणारेत, तू ह्यात पडू नकोस. त्या संध्याकाळी मी आमटीत मीठच घातलं नाही. ह्यांनी पहिला घास घेऊन माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मीठ दुकानातून घरापर्यंत वाहून आणलंय, भरण्याशी माझा संबंध नाही. हे निमूट जेवले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मास्तर बोर्ड आणायला बोरिवलीला गेले. जाताना क्वार्टरमधल्या बायकांना सांगून गेले की खोली लख्ख करून ठेवा. त्यांच्या मनात केर काढणं आणि जमीन सारवणं असणार. पण उद्या पूजेला बसायच्या हत्यारांची खोली लख्ख करायची म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हत्यारं धुवायची. मी मावशीलाही निरोप धाडला. पूजेला ह्यांच्या टोपल्या नको असतील तर नको, धुवायला ह्यांचे हात तर चालतील, असं मी रागानं म्हटलं होतं. ती सगळ्या बायकांना घेऊन आली. येताना तिनं टोपलीभर मीठ आणलं.

खोलीतली एकूण एक वस्तू आम्ही नळावर नेली. मीठ, चिंच आणि काथ्या. पितळ घासलं, तांबं घासलं, लोखंड घासून वर खोबरेल तेलाचा हात फिरवला. दिव्यांवर वर्षानुवर्षांची काजळी होती, ती काढली. वस्तूंवर जुन्या रंगाच्या खपल्या होत्या, त्याही काढल्या. गाणी चालली होती. मिठागरावरच्या बायकांच्या हातांना जोर काय असतो ते त्या दिवशी कळलं. दुपारपर्यंत सगळं परत फळीवर मांडलं, आणि दारातून ऊन आत आलं तेव्हा घंटेकडे बघवेना इतकी ती झळकत होती.

रेल्वेची अक्षरं त्या खपल्यांबरोबर गेली होती.

मला आजवर पुष्कळांनी विचारलंय की हे तू मुद्दाम केलंस का. नाही. आमच्यापैकी एकीच्याही ते लक्षात आलं नाही. धुवायला घेतलेल्या भांड्यावर पांढरं काही चिकटलेलं दिसलं तर बाई ते घासून काढते. एवढंच झालं. पण मुद्दाम केलं असतं तरी मला आज त्याची लाज वाटली नसती.

मास्तर संध्याकाळी आले. आधी दारातच थबकले. मग एकेक दिवा हातात घेऊन फिरवून पाहू लागले. त्यांचा चेहरा उतरत गेला. काजळीही गेली, नंबरही गेला, असं ते पुटपुटत होते. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, कारण त्या दिव्यांवर त्यांचा जीव होता. पण मग ते वळून म्हणाले की अडाणी बायकांच्या हातात खोली दिली ही माझीच चूक, उद्या एकही बाई इथे दिसता कामा नये, पूजा पुरुष करतील.

अडाणी म्हटल्यावर माझं वाईट वाटणं संपलं. मी म्हणाले, “मास्तर, घंटेवर अक्षरं कोरलेली आहेत, ती तेवढी राहिली. घंटा तुमची. बाकी कशावरच आता रेल्वेचं नाव नाही. तुमच्याच नियमानं हे सगळं टोपलीच्या रांगेत आलं.”

त्यांनी दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि निघून गेले.

सकाळी मावशी आली. मागे सायडिंगच्या सगळ्या बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर धुतलेली टोपली. कुलूप तिनं पाहिलं. मला वाटलं आता सगळ्या नेहमीसारख्या राशीकडे जातील. मावशीनं आपली टोपली उतरवली आणि दारासमोर, उंबरठ्याला टेकवून ठेवली. खाली चुंबळ, वर टोपली. बाकीच्यांनी आपापल्या तिच्या शेजारी लावल्या, पायरीवर, पायरीखाली, दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग मावशीनं माझ्याकडे हात केला. मी हळदकुंकवाचं ताट आणलं होतंच. प्रत्येक टोपलीला बोटं लावली, प्रत्येकीत झेंडूचं फूल पडलं, मावशीनं नारळ वाढवला. पूजा झाली. आम्ही बाजूच्या चिंचेखाली जाऊन बसलो.

साहेब दुपारी आले. पांढरी पँट, काळे बूट, बरोबर मास्तर, मागे रूळ सांभाळणारे गँगवाले, रेल्वेचे खलाशी, आमचे हे, आणि कापडात गुंडाळलेला बोर्ड. दारापाशी येऊन सगळे थांबले. मास्तर म्हणाले, उचला ते. कोणी हललं नाही. मास्तर पुन्हा म्हणाले. गँगवाल्यांपैकी एक टोपलीकडे, टोपलीतल्या फुलाकडे आणि मग दुसरीकडेच बघू लागला. ही सगळी माणसं स्वतःच्या हत्यारांची पूजा करायला आलेली होती. पूजेला बसलेलं हत्यार उत्तरपूजेआधी हलवायचं नाही हे त्यांना त्यांच्या बापांनी शिकवलं होतं. ओलांडून जावं म्हटलं तर तेही कोणी करणार नव्हतं.

मास्तर आमच्या ह्यांच्याकडे वळले. म्हणाले, तुझ्याच बायकोचे हे उद्योग आहेत, तूच उचल. हे कधी कोणाला उलटून बोललेले नव्हते, आणि समोर साहेब होते. ह्यांनी टोपी काढली. पायातल्या वहाणा काढल्या. पुढे होऊन मावशीच्या टोपलीला वाकून नमस्कार केला आणि मागे सरले. “मास्तर, पूजेला बसल्यात त्या,” हे म्हणाले. “उत्तरपूजेआधी मी हात नाही लावणार.”

आयुष्यात मी ह्यांच्यावर पुष्कळदा चिडले. त्या दिवसानंतर चिडताना थोडं जड गेलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मास्तर स्वतःच पुढे झाले, धोतर सावरून वाकले. तेव्हा मावशी चिंचेखालून उठली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “लावा हात. पन मंग आतल्या हत्यारांची तरी पूजा कशाला करता?”

मास्तरांचा हात तिथेच राहिला. देवभोळा माणूस होता, रोज संध्या करणारा. ते सरळ उभे राहिले. साहेब कोणाला तरी हळूच विचारत होते की पुढची गाडी कितीची आहे.

मग मावशीनंच वाट काढली. पूजेला बसलेलं पुढे नेता येतं, मागे नेता येत नाही, असं तिनं सांगितलं. दार उघडा, आम्हीच आत नेतो. असा नियम कुठल्या पोथीत आहे मला माहीत नाही. मला दाट संशय आहे की तो त्याच क्षणी तयार झाला. पण तिथल्या एकाही पुरुषानं तो खोटा ठरवला नाही. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली.

मावशीनं टोपली डोक्यावर घेतली, साडी चिमटीत धरली आणि उंबरठा ओलांडला. फळीवर घंटेच्या शेजारी जागा होती तिथे टोपली ठेवली. बाकीच्यांनी भिंतीकडेला रांग लावली. साहेबांनी बोर्डावरचं कापड ओढलं, दोन शब्द बोलले, त्यात दिव्यांच्या चकाकीचं कौतुक केलं, आणि पुढच्या गाडीनं गेले. मास्तर त्या कौतुकाच्या वेळी माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी मात्र त्यांच्याकडेच बघत होते.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. बायकांनी आपापल्या टोपल्या घरी नेल्या. मावशीची राहिली. मास्तरांनी रात्रीतून पुठ्ठ्याची चिठ्ठी लिहून आणली होती, ‘मीठ भरण्याची टोपली’, आणि ती स्वतः तिच्याखाली लावली. मी ती चिठ्ठी वाचली आणि मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. घरी येऊन मी गोड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बत्तीखोलीच्या दारात उभी. टोपली द्या म्हणाली. सायडिंगला डबे लागले होते.

मास्तर थक्क झाले. परवा ठेवण्यासाठी भांडलात, आज नेण्यासाठी भांडता, असं ते म्हणाले, आणि मला सांगायला आवडत नाही, पण मी त्या दिवशी मास्तरांच्या बाजूची होते. एवढं रामायण करून टोपली आत गेली ती काय एका दिवसासाठी? मी मावशीला म्हटलं, मी तुला बुरुडाकडून नवी आणून देते, ही इथेच राहू दे, लोकांनी बघायला हवी. तिला माझा राग आला होता.

“ती कामातनं गेली म्हनून ठेवली काय मी?” ती म्हणाली. “कामाची हाय म्हनून ठेवली.”

टोपलीतलं सुकलेलं फूल तिनं काढून घंटेपाशी ठेवलं, टोपली उचलली आणि गेली. मास्तर चिठ्ठीकडे बघत उभे राहिले. पण संध्याकाळी डबे भरून झाल्यावर ती परत आली. टोपली नळावर धुतली, पालथी घालून पाणी निथळू दिलं आणि होती तिथे ठेवून घरी गेली. सकाळी पुन्हा नेली. असं त्या राशी संपेपर्यंत चाललं. पहिले काही दिवस मास्तर कुरकुरले. मग ते दार लवकर उघडून ठेवू लागले, तिला थांबावं लागू नये म्हणून. एकदा तिला यायला उशीर झाला तर मला विचारायला आले की मावशी बरी आहे ना.

शेवटचा डबा भरला त्या दिवशी बत्तीखोलीत आपोआप सगळे जमले. कोणी बोलावलं नव्हतं, घंटाही वाजवली नव्हती. मास्तरांनी चिठ्ठी नव्यानं लिहिली होती, अक्षरं मोठी करून. मी झेंडूचा हार आणला होता. आता ती टोपली कायमची येणार होती, आणि मला वाटत होतं की मावशीचं जे काही जायचं होतं त्यातलं एवढं तरी वाचलं. आम्ही सगळ्यांनी दारातून वाट करून दिली.

ती टोपली कमरेवर घेऊन आली. उंबरठ्याबाहेर थांबली. आत फळीवरच्या रिकाम्या जागेकडे तिनं पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या हाराकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण हार कशासाठी असतो हे तिला कळत होतं.

“मना नको ठेवू गो तिथं,” ती मला म्हणाली. “मी हाय अजून.”

आणि तशीच वळून खाडीच्या दिशेनं निघाली. मी तिच्या मागे गेले नाही. मला इतका संताप आला होता की मी तो हार सिग्नलच्या लाकडी हाताला अडकवून दिला आणि घरी आले. आपण भांडलो कोणासाठी, असं मी ह्यांना विचारत होते. ह्यांनी सांगितलं की मावशी उद्यापासून बंदरावर मासळी वाहणार आहे, आजच ठरलं. तिनं मला सांगितलं नव्हतं. मी रडले.

पुढच्या खंडेनवमीला आम्ही हत्यारं धुतली, या वेळी काजळीला हात न लावता. फळीवरची ती जागा रिकामीच होती. पूजा सुरू व्हायच्या वेळी मावशी आली. डोक्यावर तीच टोपली, तिच्यातून पाणी ठिबकत होतं, आणि बत्तीखोली बोंबलाच्या वासानं भरून गेली. तिनं ती दिव्यांच्या रांगेत ठेवली. मास्तरांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं, पण कुंकू त्यांनीच लावलं. मग ती म्हणाली की मासळी उद्यापर्यंत थांबत नाही, उत्तरपूजा आजच करा. आणि मास्तरांनी, नियमाच्या त्या माणसानं, एका टोपलीपुरती उत्तरपूजा त्याच दिवशी केली.

ती टोपली घेऊन गेली. चिठ्ठी मास्तरांनी काढली नाही आणि त्या जागेवर दुसरं काही ठेवूही दिलं नाही. पुढे संग्रहालय बघायला कोणी ना कोणी येत राहायचं, शाळेची मुलं यायची, कधी बाहेरगावचे रेल्वेवाले. ते चिठ्ठी वाचायचे, वरची रिकामी फळी बघायचे आणि विचारायचे, इथली टोपली कुठे आहे? मी सांगायचे, कामावर गेलीय. मावशी वारली त्यानंतरही जोवर ती खोली उभी होती तोवर मी हेच उत्तर दिलं.